निविदेचे दोन वाचक : आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्य, खरेदीचे नियम आणि लेसोथोचा खटला

सार्वजनिक कामांच्या देवघेवीविषयीचे मराठी शब्द निरनिराळ्या काळांतून आणि भाषांतून आले आहेत. ‘मक्ता’ आणि ‘इजारा’ हे अरबी-फारसी महसूल व्यवहारातून आले, ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला, ‘टेंडर’ इंग्रजी अमदानीत रूढ झाला आणि ‘निविदा’ हा संस्कृत घडणीचा शब्द प्रशासकीय मराठीने स्थिर केला. यांपैकी ‘मक्ता’ या शब्दाचा प्रवास विशेष बोधक आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात अधिक रक्कम कबूल करणाऱ्यास मामलती मक्त्याने दिल्या जात. आज ‘मक्तेदारी’ या शब्दाने आपण स्पर्धेचा अभाव सूचित करतो. कराराचे नाव कराराच्या विकृतीचे नाव झाले. उलट ‘निविदा’ या शब्दाचे नाते ‘निवेदना’शी आहे. जे सांगायचे ते उघडपणे आणि सर्वांना सारखे सांगावे, असे आश्वासन त्यात आहे.

हे आश्वासन आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्याच्या व्यवहारात कितपत पाळले गेले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. निविदेचे नियम व्यवहाराचे बाह्य रूप बांधून देतात. त्या रूपामागील हेतू मात्र कोणाला तरी कागदपत्रांतून वाचावा लागतो. हे वाचन कोणी करावे आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हे प्रश्न लेसोथो या लहान देशातील खटल्याने अत्यंत स्पष्टपणे पुढे आणले.

जागतिक बँकेची घटना १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत सिद्ध झाली. परिषदेतील भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. मराठी वाचक त्यांना ‘मेघदूता’चे अनुवादक म्हणूनही ओळखतो. त्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात खरेदीविषयक पुढील सर्व नियमांचे बीज आहे. कर्जाची रक्कम अमुकच सदस्य देशात खर्च करावी, अशी अट बँकेने घालू नये, हे त्यातील एक तत्त्व. रक्कम ठरलेल्या प्रयोजनासाठीच, काटकसरीने, कार्यक्षमतेने आणि राजकीय प्रभावापासून अलिप्त राहून वापरली जाईल याची बँकेने दक्षता घ्यावी, हे दुसरे.

पहिल्या तत्त्वाचे महत्त्व द्विपक्षीय मदतीच्या इतिहासाशी तुलना केल्यास ध्यानात येते. एक देश दुसऱ्यास मदत देताना बहुधा आपल्याच उद्योगांकडून माल घेण्याचे बंधन घालीत असे. अशा ‘बद्ध’ मदतीचा लाभ अंशतः देणाऱ्याकडेच परत जातो. ब्रिटनमध्ये मलेशियातील पेर्गाऊ धरणाच्या अर्थसाहाय्यावरून मोठा वाद झाला आणि १९९४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ते साहाय्य बेकायदेशीर ठरविले. २००१ पासून ब्रिटनने आपली मदत अशा बंधनातून मुक्त केली.

बँकेने आपली खरेदीविषयक मार्गदर्शक तत्त्वे १९६४ मध्ये प्रथम एकत्रित स्वरूपात सिद्ध केली. आंतरराष्ट्रीय स्पर्धात्मक निविदा हा त्यांचा कणा होता. जाहीर सूचना द्यावी, सर्व इच्छुकांना एकच दस्तऐवज मिळावा, देकार बंद लिफाफ्यात यावेत, ठरलेल्या वेळी ते सर्वांसमक्ष उघडून किमती वाचून दाखवाव्यात, आणि निकष पूर्ण करणाऱ्या देकारांपैकी मूल्यांकनानंतर जो किमान ठरेल तो स्वीकारावा, अशी ही पद्धत. स्पर्धेस पात्र कोण, याचे उत्तर दीर्घकाळ ‘सदस्य देश आणि स्वित्झर्लंड’ असे होते, कारण स्वित्झर्लंड १९९२ पर्यंत बँकेचा सदस्य नसतानाही त्याला हा अपवाद लाभला होता. ही सर्व व्यवस्था लिफाफा उघडण्याच्या क्षणाभोवती उभी आहे. लिफाफ्याच्या आधी आणि नंतर जे घडते, ते तिच्या दृष्टिक्षेपात पुरेसे येत नाही. शिवाय सल्लागार अभियंत्यांची निवड केवळ किमतीवर करता येत नसल्याने त्यांच्यासाठी वेगळे नियम होते आणि त्यांत वाटाघाटींना अधिक वाव होता.

लेसोथो हा चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश आहे. त्याच्या पर्वतांतील पाणी दक्षिण आफ्रिकेच्या औद्योगिक पट्ट्याकडे वळविण्याचा करार ऑक्टोबर १९८६ मध्ये उभय देशांत झाला. पाणी वाहून नेण्याच्या कामाचा खर्च दक्षिण आफ्रिकेने सोसायचा, असे ठरले. पहिल्या टप्प्यातील कात्से धरण १८५ मीटर उंचीचे आहे. जागतिक बँकेने १९९१ मध्ये ११ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम लहान होती. तथापि तिच्यामुळे इतर धनकोंना प्रकल्पाविषयी विश्वास वाटला.

मासुफा सोले हे स्थापत्य अभियंते १९८६ पासून प्रकल्प प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास हिशेबतपासणीतून त्यांच्या वर्तनाविषयी संशय निर्माण झाला आणि त्यांना पद सोडावे लागले. प्राधिकरणाने त्यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावला. त्या दाव्याच्या ओघात त्यांची स्वित्झर्लंडमधील बँक खाती उजेडात आली आणि स्विस अधिकाऱ्यांच्या सहकार्याने त्या खात्यांचे दस्तऐवज लेसोथोला मिळाले. मे २००२ मध्ये सोले लाचखोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरले. त्यांना १८ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती १५ वर्षांवर आली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. लाच घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यांवरही लेसोथोने खटले भरले. त्यांत ॲक्रेस इंटरनॅशनल ही कॅनडातील सल्लागार अभियंत्यांची कंपनी होती. तिने एका स्थानिक प्रतिनिधीशी करार केला होता. त्या करारानुसार कंपनी प्रतिनिधीच्या स्विस खात्यात मोबदला भरीत असे आणि त्यातील मोठा हिस्सा पुढे सोले यांच्याकडे जात असे. लाच दिली-घेतली असे सांगणारा प्रत्यक्ष साक्षीदार नव्हता. प्रतिनिधी करार, देयके आणि बँकेच्या नोंदी एवढीच संहिता वाचकासमोर होती.

या संहितेची दोन वाचने झाली. जागतिक बँकेच्या समितीने २००२ च्या आरंभी असा निष्कर्ष काढला की, कंपनीला लाचेची जाणीव होती असे मानण्यास पुरावा अपुरा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेसोथोच्या उच्च न्यायालयाने कंपनीस दोषी ठरविले. न्यायालयाने करारातील शब्दांची सांगड व्यवहाराच्या संदर्भाशी घातली. लेसोथोत आधीपासून काम करणाऱ्या कंपनीला अशा प्रतिनिधीची गरज काय, त्याने केलेल्या कामाच्या मानाने मोबदला एवढा मोठा का, तो दूरदेशीच्या खात्यात का, आणि तेथून प्राधिकरणाच्या प्रमुखाकडे तो नियमितपणे का जातो, हे प्रश्न त्याने एकत्र विचारले. सुटी सुटी पाहिली असता प्रत्येक बाब निर्दोष भासू शकते, पण एकत्र वाचली असता तिचा दुसरा अर्थ लागणे कठीण होते. रक्कम परदेशात दिली गेली, म्हणून येथील न्यायालयाला अधिकार नाही, हा बचावही टिकला नाही. गुन्ह्याचा परिणाम ज्या देशावर झाला, त्या देशाला त्याची दखल घेण्याचा अधिकार आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

ऑगस्ट २००३ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली आणि दंड २.२ कोटी मालोतींवरून सुमारे १.५ कोटींवर आणला. त्यानंतर बँकेने प्रकरण पुन्हा उघडले आणि जुलै २००४ मध्ये या कंपनीला तीन वर्षांसाठी आपल्या कंत्राटांतून बाद केले. लाहमायर या जर्मन कंपनीस २००३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले आणि २००६ मध्ये बँकेने तिला सात वर्षांसाठी वगळले. दोन्ही प्रकरणांत धनको संस्थेचा अंतिम निर्णय ऋणको देशाच्या न्यायालयामागून आला, हा क्रम लक्षणीय आहे.

तत्पूर्वीच, १९९६ मध्ये, बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी भ्रष्टाचाराला कर्करोगाची उपमा दिली होती आणि खरेदीच्या नियमांत लाचखोरीविषयक कलमे आली होती. पुढे २०१० मध्ये जागतिक बँकेसह पाच बहुपक्षीय विकास बँकांनी परस्परांचे बहिष्काराचे निर्णय मान्य करण्याचा करार केला. जुलै २०१६ पासून बँकेच्या नव्या चौकटीने किमान किमतीपेक्षा ‘पैशाच्या मोबदल्यातील मूल्या’वर भर दिला आहे. बँकेच्या नमुना देकारपत्रात आता एक रकाना असतो. या देकारासंबंधी कोणास दलाली वा बिदागी दिली आहे किंवा द्यावयाची आहे काय, असल्यास घेणाऱ्याचे नाव, पत्ता, कारण आणि रक्कम लिहावी, असे त्यात विचारलेले असते. लेसोथोच्या न्यायालयाने जे प्रश्न कागदपत्रांच्या आडून शोधून काढले, त्यांतील बरेचसे येथे छापील स्वरूपात आले आहेत.

परंतु रकाना भरणाराही तोच असतो, ज्याला काही लपवायचे असू शकते. म्हणून अधिक तपशीलवार नियम हे चांगल्या वाचनाला पर्याय ठरू शकत नाहीत. मदत घेणाऱ्या देशांना सामान्यतः नियमांचे पालन करणारे विद्यार्थी समजले जाते. लेसोथोने मुख्यतः स्वतःच्या खर्चाने, बलाढ्य कंपन्यांविरुद्ध, वर्षानुवर्षे खटले चालविले आणि जगाला आपला अर्थ पटवून दिला. ज्या देशाच्या दरीखोऱ्यांतील शेते आणि कुरणे पाण्याखाली गेली, त्याच्याच न्यायालयाने त्या पाण्यावरील व्यवहाराचा कागद सर्वांत बारकाईने वाचला. ‘निविदा’ या शब्दातील उघडपणाचे आश्वासन पाळले जाण्यासाठी अशा वाचकाची गरज असते, हे या इतिहासातून ध्यानात घ्यावयाचे आहे.