माजलगाव जलाशय : मुक्काम आणि जलविहार

माजलगाव जलाशय : बीड जिल्ह्यातील सर्वांत मोठा जलाशय. माजलगाव शहराला लागून, सिंदफणा नदीवर बांधलेल्या मातीच्या धरणामुळे तो तयार झाला. सिंदफणा पाटोदा तालुक्यात चिंचोलीजवळच्या डोंगरात उगम पावते आणि बालाघाटाचे पाणी घेऊन गोदावरीला मिळते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा ही तिचीच उपनदी. धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. त्याची लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर आणि उंची ३१ मीटर आहे. एकूण साठा सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर (दलघमी) असून त्यापैकी ३१२ दलघमी उपयुक्त आहे. उरलेला मृतसाठा.

हे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले. गोदावरीवरचे मोठे धरण आधी बीड जिल्ह्यातल्याच जायकवाडी गावाजवळ बांधायचे ठरले होते. ती योजना हैदराबाद संस्थानाच्या काळातली. पुढे जागा बदलून धरण नदीच्या वरच्या अंगाला पैठणला झाले, पण प्रकल्पाला नाव बीडमधल्या गावाचेच राहिले. पैठणहून निघणारा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा नाथसागराचे, म्हणजे तिथल्या जलाशयाचे, पाणी माजलगावपर्यंत आणतो. त्यामुळे इथली पातळी केवळ सिंदफणेच्या खोऱ्यातल्या पावसावर अवलंबून नसते. नाशिक-अहिल्यानगरकडे किती पाऊस झाला, त्यावरही ती ठरते.

काठावर मुक्काम करू इच्छिणाऱ्याने पाण्याचे हे वर्षचक्र आधी समजून घेतले पाहिजे. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरला, तर पाणी शिवारातल्या बाभळींपर्यंत येते. जानेवारीपासून सिंचनाची आवर्तने सुटतात आणि काठ मागे सरकू लागतो. उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. जिथे नोव्हेंबरात लाटा असतात, तिथे फेब्रुवारीत कुणाचे तरी पीक उभे असते, म्हणून मोकळी दिसणारी जमीन मोकळी असेलच असे नाही. अवर्षणाच्या वर्षी सगळेच बदलते. २०१६ च्या उन्हाळ्यात जलाशय मृतसाठ्यात गेला होता. त्याच वर्षी केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचवावे लागले. मुक्कामाला चांगला काळ ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते जानेवारी. हवा थंड, पाणी भरपूर आणि काठावर बगळे, पाणकावळे, रानबदके.

असा मुक्काम तंबूऐवजी गाडीतही करता येतो. वाहनातच झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेल्या कॅराव्हॅनला महाराष्ट्र शासनाने २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाने अधिकृत चौकट दिली. स्वतःच्या किंवा भाड्याच्या जागेवर कॅराव्हॅन पार्क उभारता येतील, तिथे पाणी, वीज व सांडपाण्याची व्यवस्था असेल, ही त्यामागची कल्पना. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आणले. बीडला मोठी हॉटेले कमी आणि पाहण्याच्या जागा एकमेकींपासून दूर आहेत, त्यामुळे हा प्रकार जिल्ह्याला सोयीचा आहे. रस्त्याचीही अडचण नाही. सोलापूर-धुळे महामार्गावर गढीला वळले की राष्ट्रीय महामार्ग ६१ थेट माजलगावला आणतो.

अडचण आहे ती जमिनीची. काठ काळ्या मातीचा आहे. वरून कोरडी दिसणारी माती खाली ओली असते आणि दोन-तीन टनांची गाडी तीत बघता बघता रुतते. एका सरीनंतर ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय ती निघत नाही. म्हणून गाडी पाण्याच्या कडेला नेण्याचा मोह टाळावा आणि मुरमाड, उंचवट्याच्या जागी उभी करावी. धरणाच्या भिंतीवर, सांडव्याजवळ किंवा कालव्याच्या तोंडाशी मुक्काम करू नये. धरण व लगतची संपादित जमीन जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आहे. तिथे थांबायचे तर विभागाची परवानगी घ्यावी. खाजगी शेतात थांबायचे तर मालकाला विचारावे. गावात नीट विचारले तर जागा मिळते, वर भाकरीही मिळते.

याहून मोठी गोष्ट सांडपाण्याची. याच जलाशयातून माजलगावला आणि बीड शहराला पिण्याचे पाणी जाते. गाडीतले मळपाणी काठावर सोडणे म्हणजे लाखो लोकांच्या घागरीत सोडणे. साबण, भांड्यांचे खरकटे, डिझेल यांनाही हेच लागू. जिथे मळपाणी उपसून नेण्याची सोय नाही, तिथे टाकी बंद ठेवून पुढच्या सोयीच्या ठिकाणापर्यंत न्यावी. एवढे जमत नसेल त्याने काठावर मुक्काम करू नये.

जलविहाराच्या बाबतीत महाराष्ट्रात दोन नमुने दिसतात. नाशिकच्या गंगापूर धरणावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने बोट क्लब उभारला. कोयनेच्या शिवसागरावर मुनावळे येथे २०२४ मध्ये वेगवान यांत्रिक बोटींसह जलपर्यटन केंद्र सुरू झाले. शेजारचा नाथसागर मात्र १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. माजलगावने अनुकरण करायचे तर ते गोंगाटाच्या बोटींचे करू नये. पिण्याच्या पाण्यावर वल्ह्याची होडी, कयाक आणि शिडाची नाव एवढेच शोभते. या पाण्यावर मासेमार कुटुंबांची उपजीविकाही आहे. खोली, वारा, बुडालेली झाडे यांची त्यांना असलेली माहिती कोणत्याही नकाशात नाही. नौकाविहार सुरू झाला, तर त्याचा पहिला हक्क त्यांचा असावा.

पोहण्यासाठी हा जलाशय धोक्याचा आहे. तळाशी गाळ, पाण्याखाली झाडांचे बुंधे, पसरलेली जाळी आणि अचानक वाढणारी खोली, यांपैकी काहीच वरून दिसत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पोहायला उतरलेले एक डॉक्टर बुडाले आणि त्यांचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातील जवानही प्राणास मुकला. ही घटना माजलगावकर विसरलेले नाहीत.

पाण्याकाठी उतरण्याची रीत या तालुक्याला जुनीच आहे. गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला अधिक महिन्यात लांबून भाविक येतात, स्नान करतात आणि पुरुषोत्तमाला धोंडे वाहतात. याच गावी यादव राजा रामचंद्र याचा इ. स. १३१० चा ताम्रपट सापडला. माजलगावला मुक्काम ठेवून जिल्ह्यातली इतर पाण्याची ठिकाणेही पाहता येतात : बीडमधले कुंडाच्या मध्यभागी उभे असलेले कंकालेश्वर मंदिर, निजामशाहीत १५८२ च्या सुमारास बांधलेली खजाना विहीर, कपिलधार आणि सौताडा येथील धबधबे. धबधब्यांसाठी मात्र पावसाळाच गाठावा लागतो, आणि त्या दिवसांत जलाशयाचा काठ चिखलाचा असतो.

जलाशयावर जाणाऱ्याने पिण्याचे पाणी सोबत न्यावे, कचरा परत आणावा, अंधार पडल्यावर होडी काढू नये आणि अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये.