उधळ्या कुणबी, लबाड मारवाडी, आदर्श गाव

माणसांवर शिक्के मारायचं काम आपण सगळेच करतो. दुसऱ्यांवर मारतो, तसे स्वतःवरही. ‘स्टीरिओटाइप’ हा शब्द मुळात छापखान्यातला. एकदा ओतलेला पक्का ठसा. त्यातून तेच पान पुन्हा पुन्हा निघतं. १९२२ मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने तो शब्द आपल्या मनातल्या तयार चित्रांना लावला. असे ठसे इतिहासात कसे चालतात, ते पाहायला आज आपण पारनेर तालुक्यात जाऊ.

मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. उठाव नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या काळी शहाण्यासुरत्यांचं मत ठरलेलं होतं: कुणबी उधळ्या, लग्नात पैसा उडवतो, म्हणून बुडतो. आयोगाने मात्र लिहिलं, की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. धान्य, बियाणं, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार काढलेली छोटी कर्जंच जास्त साचतात. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, आणि फेरआकारणीत सारा वाढला होता. म्हणजे परिस्थितीचा दोष आपण स्वभावाच्या खात्यावर मांडत होतो.

पण शेतकऱ्याच्या मनातही एक ठसा होताच. आयोगाच्या नोंदीनुसार, जिथे ब्राह्मण आणि इतर जातींचे सावकारही होते, तिथेसुद्धा बहुधा मारवाडी-गुजर सावकारांनाच त्रास झाला. धंदा तोच, रोखे तसेच; राग मात्र परक्यावर. जो स्वतः शिक्क्याखाली भरडला जातो, तोही दुसऱ्यावर शिक्का मारतो, हे आपण विसरू नये.

आता बरोबर शंभर वर्षं पुढे, त्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला येऊ. पाऊस वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर. शेती पिकेना, माणसं मजुरीला बाहेर जात. गावात दारूच्या भट्ट्या. देवळाचं लाकूडसुद्धा भट्टीत गेलं, असं सांगतात. अशा गावाला ‘दारुडं’ म्हणून मोकळं व्हायला कितीसा वेळ लागतो? १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून परतले. पुरंदरमधल्या विलासराव साळुंखे यांच्या पाणलोटाच्या कामाचा धडा समोर होता. श्रमदान झालं, नालाबांध झाले, गळका पाझर तलाव दुरुस्त झाला, विहिरींना पाणी आलं. घराणी तीच, पाऊसही तेवढाच. मग तो ‘स्वभाव’ गेला कुठे? गावच्या शाळेने तर वसतिगृहात नापास मुलांना मुद्दाम जागा दिली. ‘नापास’ हा निकाल एका परीक्षेचा. आपण तो माणसाचा करून टाकतो.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण ‘आदर्श गाव’ हाही ठसाच आहे. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं जात असे. ही गोष्ट अण्णांनी कधी लपवली नाही. ‘दारुडा’ हा शिक्का पुसायला निघालेल्या गावातच तो कुणाच्या तरी पाठीवर उमटत होता. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी विचारलंय, की या गावात दलितांचा आवाज किती? विहिरींना आलेलं पाणी खरं आहे, म्हणून हा प्रश्न खोटा ठरत नाही. चांगला शिक्का वाईटापेक्षा जास्त फसवतो, कारण तो तपासावा असं कुणालाच वाटत नाही.

तेव्हा ‘ते लोक तसलेच’ किंवा ‘आपण मराठी माणसं अशीच’ असं वाक्य ओठांवर आलं, की आयोगाने केलं तेवढं तरी आपण करू या: आधी हिशेब पाहू. कर्ज कशाचं, पाणी किती, कायदा कुणाच्या बाजूचा. एवढं पाहूनही काही उरलंच, तर मग स्वभावाबद्दल बोलू.