घाट उतरून वेंगुर्ल्याला

गटांच्या बैठकीत दरवर्षी एक विषय निघतोच: यंदा अभ्यास सहल कुठं काढायची? आजरा, चंदगड, गडहिंग्लज या आमच्या भागातल्या बायकांनी यावेळी वेंगुर्ला सुचवलं. खायला मिळतं, बघायला मिळतं आणि शिकायलाही मिळतं, असं एकाच गावात क्वचित जमतं. शिवाय या गावाचा इतिहास आमच्याच वाटेवरून गेलेला आहे, म्हणून आज तोच सांगणार आहोत.

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्याला जाणारा रस्ता ही एके काळी मोठी व्यापारी वाट होती. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून, पुढं गाड्यांतून बंदरावर उतरायचा आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. आमच्या घरात आजही पावसाळ्यासाठी सुकट भरून ठेवतात, ती सवय या वाटेचीच.

बंदर त्याहून जुनं. डचांनी १६३७ च्या सुमारास इथं वखार घातली. तिची पडकी इमारत अजून उभी आहे. दगडी भिंती, वर झाडं उगवलेली. ती बघताना आधी वाटलं, इथं मसाले नि रेशमाचा मोठा व्यापार चालत असेल. व्यापार होताच, पण डचांना वेंगुर्ला हवं होतं ते मुख्यतः पोटासाठी. गोव्यात पोर्तुगीज होते आणि त्यांची समुद्रातून कोंडी करायला डचांची जहाजं महिनोन् महिने उभी राहत. त्यांवरच्या माणसांना गोडं पाणी आणि धान्य वेंगुर्ल्यातून जाई. ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच शतकात इकडं आला होता. त्यानंही इथलं पाणी नि तांदूळ उत्तम असल्याचं नोंदवलंय, वेलदोड्याचीही नोंद केलीय.

आता हा तांदूळ कुठून आला? तेव्हा भाताच्या गिरण्या नव्हत्या. उखळ, मुसळ आणि बायकांचे हात, एवढीच गिरणी. आरमाराला पुरेल एवढं भात कांडायला किती दंड दुखले असतील, ते कांडणाऱ्यांनाच कळेल. पण आम्ही वाचलेल्या इतिहासात वखारवाले आहेत, राजे आहेत, जहाजं आहेत, कांडणारी कुठंच नाही. सहलीभर आमच्या मनात हेच घोळत होतं. पुढं जिथं जिथं गेलो, तिथं आम्ही विचारत राहिलो की इथं राबतं कोण आणि पैसा कुणाच्या हातात पडतो.

१८१२ साली सावंतवाडी संस्थानाकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं. बंदर भरभराटीला आलं, पण पुढं रेल्वे बेळगाव भागातून गोव्याच्या मुरगाव बंदराला जाऊन मिळाली आणि घाटावरचा माल तिकडं वळला. वेंगुर्ल्याला बोटी लागत राहिल्या, मुंबईचे चाकरमानी चढत-उतरत राहिले, पण व्यापार ओसरला तो ओसरलाच. एक रस्ता दुसरीकडं फिरला की अख्ख्या गावाची कमाई कशी फिरते, ते इथं दिसतं.

बंदर बघायला सगळेच जातात. आम्हाला मासळी बाजार जास्त आवडला. विकायला बसलेल्या बहुतेक बायकाच. भाव करताना त्यांच्या तोंडाला लागायची आमच्यातल्या कुणाची छाती झाली नाही! एक मात्र लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी खायच्या आशेनं पावसात जाऊ नका.

जेवायला घरगुती खानावळ शोधा. ताटात बांगड्याची आमटी येते, तिच्यात तिरफळं असतात. ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. भात उकड्या तांदळाचा, शेवटी सोलकढी. सकाळी घावन किंवा आंबोळी, आणि नशीब असेल तर शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया नारळाच्या गोड रसात. मालवणी जेवण लालभडक असतं असं आपण म्हणतो, पण ती मिरची इथली नव्हे. पोर्तुगिजांबरोबर समुद्रापलीकडून आली. त्याआधी तिखटाला मिरी होती. तिरफळ आणि कोकम मात्र इथल्या रानातलेच. खानावळीत आम्ही स्वयंपाकघरात जायची परवानगी मागितली. ताटाचा दर कसा ठरवता, असं विचारलं. उत्तर सोपं होतं: मासळीचा भाव रोज बदलतो, म्हणून पाटीवर माशाच्या ताटाचा दर खडूनं लिहायचा, रंगानं नाही. आमच्या झुणका-भाकर केंद्रवाल्यांनी हे लगेच वहीत उतरवलं.

मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. गटाचं नाव स्वामिनी, काम २०१७ पासून. तिवर, चिपी, कांदळ अशी झाडं त्या नावानिशी ओळखून दाखवतात. खाऱ्या पाण्यात झाड जगतं कसं, चिखलातून वर आलेली मुळं श्वास कसा घेतात, माशांची पिल्लं त्या मुळांत कशी वाढतात, हे सगळं ऐकताना बरं वाटतं, कारण सांगणारी आपल्यासारखीच गटाची बाई असते. जन्मभर डोळ्यांसमोर असलेली झाडं, पण त्यांच्या माहितीला मोल आहे हे ओळखून त्यांनी धंदा उभा केला. गावाच्या कचरा डेपोवरही नगरपरिषदेनं बाग फुलवली आणि ओला, सुका, प्लास्टिक, काच असा कचरा घरातूनच वेगळा घ्यायला सुरुवात केली. सरपंच बरोबर असतील तर त्यांना आधी तिथं न्या.

पण आमचा खरा मुक्काम काजूपाशी पडला. काजूही परदेशीच. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलहून आणला. वेंगुर्ल्यात १९५७ साली फळ संशोधन केंद्र सुरू झालं, ते आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं आमच्या आजरा-चंदगडच्या उतारांवरही लावलेली आहेत. ज्या गावाचं नाव आपण रोपाबरोबर घेतो, ते गाव आमच्यातल्या बहुतेकींनी आता पहिल्यांदा पाहिलं.

आमच्याकडं काजूची बी पोत्यानं विकली जाते. व्यापारी दारात येतो, वजन करतो, जातो. इथं आम्ही पुढचं काम पाहिलं. बी उन्हात वाळवायची, वाफवायची, गार झाली की कातरीवर एकेक फोडायची, गर वाळवायचा, साल काढायची, मग आकारानं निवडायचा. टरफलातलं तेल हाताची कातडी जाळतं, म्हणून मोजे हवेतच. एक किलो बीतून साधारण तीनशे ग्रॅम गर निघतो, आणि तो अखंड निघाला तरच चांगला भाव, तुकड्याला कमी. फोडणाऱ्या, सोलणाऱ्या, निवडणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. कारखान्यात मजुरीवर असल्या तर त्यांना मजुरीच मिळते. आमच्या मनातली ती कांडणारी इथं आम्हाला समोर बसलेली दिसली.

मग आपणच यंत्र घ्यावं, हे परतीच्या गाडीत सगळ्याच बोलत होत्या. यंत्रासाठी कर्ज मिळेलही. अडचण वेगळी आहे. बी मार्च ते मे एवढ्या तीन महिन्यांतच येते. वर्षभर काम चालवायचं तर वर्षाची बी तेव्हाच रोख पैसे मोजून भरून ठेवावी लागते. एका गटाच्या बचतीत ते बसत नाही. दहा गट एकत्र आले, स्वतःच्या झाडांची बी व्यापाऱ्याला न देता आधी केंद्रावर घातली, अर्धे पैसे तेव्हा आणि अर्धे गर विकल्यावर घ्यायची तयारी ठेवली, तर कदाचित बसेल. ज्या घरात जूनमध्ये पोरांच्या शाळेचा खर्च काजूवरच भागतो, त्या घराला थांबणं जड आहे, हेही खरं. त्या बायकांना गटातून बिनव्याजी उचल द्यावी, असं एकीनं सुचवलं आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा हिशेब मांडायचा आहे, तर प्रत्येक गटानं आपल्याकडं किती बी निघते ते लिहून आणावं.

वेळ असेल तर शिरोड्यालाही जा. तिथं मिठागरं आहेत. १९३० साली तिथं मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर शिरोड्याच्याच शाळेत १९२० ते १९३८ शिक्षक होते. वाटेत आरवलीचा वेतोबा लागतो. त्याला केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या वहाणा वाहतात, त्या बघून आमच्या बायका हसू आवरेनात. ओले काजूगर खायचे तर मार्च-एप्रिल गाठा, उसळ तेव्हाच मिळते. होडीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आदल्या दिवशी फोन करूनच निघा, आणि परत येताना घाटात धुकं उतरायच्या आत आंबोली ओलांडा.