कमी आलेला आकडा

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण 'वाढलेलं' शोधतो. साखर वाढली का, क्रिएटिनिन वाढलं का. अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे एएलपी, हे एन्झाइम कमी आलं, तर खरं सांगतो, आम्ही डॉक्टरही बऱ्याचदा पुढच्या ओळीकडे वळतो.

1923 मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रॉबर्ट रॉबिसन यांनी हे एन्झाइम वाढत्या वयाच्या प्राण्यांच्या हाडांत भरपूर असल्याचं दाखवलं. हाड कठीण होण्यात त्याचा हात असावा, असं त्यांनी मांडलं. पुढे मुडदूस झालेल्या मुलांच्या रक्तात एएलपी वाढलेलं दिसू लागलं आणि 'मुडदूस म्हणजे एएलपी जास्त' हे डोक्यात पक्कं बसलं.

1948 मध्ये टोरंटोचे डॉ. जॉन रॅथबन यांनी एका तान्ह्या मुलाची हकीकत छापली. हाडं मुडदुसासारखी मऊ, वजन घटत चाललेलं, झटके येत होते. ते बाळ वाचलं नाही. पण त्याचं एएलपी वाढलेलं नव्हतं, उलट फारच कमी होतं. रक्तातही आणि हाडांतही. लॅबची चूक म्हणून हा आकडा सोडून देणं सोपं होतं. रॅथबन यांनी तो खरा मानला आणि आजाराला 'हायपोफॉस्फेटेशिया' असं नाव दिलं.

कारण उलगडायला बरीच वर्षं गेली. पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ हाडात कॅल्शियम बसू देत नाही. त्याला फोडणारं एन्झाइम म्हणजे एएलपी. ते नसलं की पायरोफॉस्फेट साचतं. झटक्यांचं कारण वेगळं: बी-6 जीवनसत्त्व मेंदूत शिरण्यासाठीही हेच एन्झाइम लागतं. 1988 मध्ये जनुकातला दोष सापडला. तीव्र प्रकारात तो सहसा आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असतो, आणि ते दोघं बहुधा ठणठणीत असतात. 2015 मध्ये एन्झाइमच इंजेक्शनने देण्याच्या औषधाला मान्यता मिळाली. ते अतिशय महाग आहे.

साधा मुडदूस समजून अशा बाळाला ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम देत राहिलं तर अपाय होऊ शकतो, कारण त्याच्या रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असू शकतं.

मुलांचं एएलपी मोठ्यांपेक्षा जास्तच असायला हवं. रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापली असेल, तर मुलाचा कमी आकडा 'नॉर्मल' दिसतो. ईडीटीएच्या नळीतलं रक्त वापरलं गेलं तरी तो खोटा कमी येतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी. आणि पाच वर्षांच्या आत दुधाचा दात मुळासकट पडला, तर तो दात घेऊनच डॉक्टरांकडे या.