काळ्या दगडाचा माग

१७५१ साली झाँ-एतियेन गेतार हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक आपला मित्र मालझेर्ब याच्यासोबत मध्य फ्रान्समधून प्रवास करत होता. मूलँ गावी मैलाच्या दगडांपाशी त्याची नजर अडकली. दगड काळपट, बारीक भोकाभोकांचा. असे तुकडे त्याने संग्रहांमध्ये पाहिले होते, पण ते आलेले होते इटलीतल्या व्हेसुव्हियसवरून. हा दगड कुठला, अशी चौकशी केल्यावर उत्तर मिळालं: दक्षिणेकडच्या व्होल्व्हिकचा. मग दोघे दगडाचा माग काढत व्होल्व्हिकच्या खाणीवर पोचले आणि तिथून पुढे प्वी द दोम या डोंगराच्या माथ्यावर. पुढच्याच वर्षी गेतारने पॅरिसच्या विज्ञान अकादमीत निबंध वाचला. फ्रान्सच्या ऐन मध्यात, ओव्हेर्न प्रांतात, विझलेले ज्वालामुखी उभे आहेत, असं त्याने जाहीर केलं. सांगणाऱ्याने स्वतः जागता ज्वालामुखी कधी पाहिला नव्हता.

ओव्हेर्नच्या माणसांना हा दगड नवा नव्हता. निदान तेराव्या शतकापासून व्होल्व्हिकचे पाथरवट तो काढत होते. दगड कठीण, पण रवा बारीक. छिन्नीला नीट साथ देतो आणि थंडीपावसात टिकतो. क्लेरमाँ शहरातलं मोठं चर्च १२४८ पासून याच दगडात उभं राहिलं. वजन पेलायची ताकद भरपूर असल्यामुळे गवंड्यांना खांब सडपातळ ठेवता आले. आजही लांबून ते काजळी धरल्यासारखं काळं दिसतं, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं की कधीतरी इथे आग लागली असावी. तो अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

गेतारच्या १०३ वर्षं आधी याच प्वी द दोमवर एक मोठा प्रयोग झाला होता. ब्लेझ पास्कल जन्माने क्लेरमाँचा. हवेला वजन असेल तर उंचावर पाऱ्याची पातळी उतरली पाहिजे, असा त्याचा तर्क होता. पण तो होता पॅरिसला आणि तब्येतीने नाजूक. म्हणून त्याने गावी मेव्हण्याला, फ्लोराँ पेरिएला, पत्र लिहिलं. पत्र गेलं नोव्हेंबर १६४७ मध्ये आणि डोंगर चढून झाला तो १९ सप्टेंबर १६४८ रोजी. मधले दहा महिने पेरिएची इतर कामं, बर्फ आणि धुकं यांत गेले. त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास गावातली काही प्रतिष्ठित मंडळी, पाद्री, कायद्याचे जाणकार आणि एक डॉक्टर, एका मठाच्या बागेत जमली. ही गावातली जवळजवळ सर्वांत खालची जागा. पाऱ्याची एक नळी तिथेच ठेवून एका साधूला दिवसभर पहाऱ्यावर बसवलं. दुसरी नळी घेऊन बाकीचे निघाले.

माथ्यावर पारा तब्बल सव्वातीन इंचांच्या आसपास, म्हणजे साधारण साडेआठ सेंटिमीटर, खाली आलेला होता. पेरिए पक्का. त्याने माथ्यावरच वेगवेगळ्या जागी पाच वेळा मोजणी केली: छोट्या देवळात, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात. आकडा तोच. खाली मठातली नळी दिवसभर हललेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने शहरातल्या त्याच काळ्या चर्चच्या सर्वांत उंच मनोऱ्यावर नळी नेली, आणि तिथेही पारा थोडासा उतरला. लाव्हाचा डोंगर चढून आणि लाव्हाचा मनोरा चढून या मंडळींनी हवेचं वजन सिद्ध केलं. पायाखाली काय आहे, हा प्रश्न कोणाच्या मनात आल्याची नोंद नाही.

गेतारच्या निबंधावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला नाही. क्लेरमाँच्या एका विद्वान प्राध्यापकाने तर डोंगरावरची जळकी खडी म्हणजे रोमन लोकांच्या लोखंडाच्या भट्ट्यांची मळी, असं ठरवून टाकल्याचं सांगतात. खुद्द गेतारलाही पुढे पेच पडला. डोंगर ज्वालामुखीचे, हे त्याला मान्य. पण उभ्या खांबांसारखा दिसणारा बेसाल्ट मात्र पाण्यातून साकळून तयार झाला, असंच तो म्हणत राहिला.

ती गाठ सोडवली निकोला देमारेने. हा सरकारी नोकर, कारखान्यांची तपासणी करणारा. १७६३ मध्ये क्लेरमाँहून प्वी द दोमकडे चढताना त्याला काळ्या दगडाचे षट्कोनी खांब दिसले आणि ते लाव्हाच्या ओघळाशी सलग जोडलेले आढळले. थंड होताना लाव्हा आकसतो आणि त्याला अशा उभ्या भेगा पडतात, हे त्याच्या लक्षात आलं. मग वर्षानुवर्षं तो हा मुलूख पायी फिरला. त्याच्या मृत्यूनंतर शास्त्रज्ञ क्युव्हिएने त्याचं जे वर्णन केलं, ते वाचण्यासारखं आहे. खिशात थोडं चीज, तेवढाच शिधा. श्रीमंतांच्या वाड्यांकडे फिरकायचं नाही, खानावळीतही थांबायचं नाही. रात्र गुराख्याच्या खोपटात, जमिनीवर. गप्पा मारायच्या त्या खाणकामगारांशी, लोहारांशी, गवंड्यांशी. विद्वानांपेक्षा त्याला त्यांचीच संगत आवडे. देमारेच्या ओव्हेर्नच्या नकाशामागे या माणसांनी दाखवलेल्या वाटा आणि कडे असणार, असं म्हणायला हरकत नाही.

बेसाल्ट पाण्याचा की आगीचा, हा वाद युरोपभर पेटला, तेव्हा देमारे त्यात फारसा उतरला नाही. कोणी अंगावर आलंच, तर तो एवढंच सांगे की जा आणि पाहा. लोक गेलेही. पाणीवाद्यांच्या गोटातला लेओपोल्ड फॉन बुख १८०२ मध्ये आला आणि इथले ज्वालामुखी त्याला मान्य करावे लागले. पुढच्या दशकात रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही तरुण मायकेल फॅरेडेला घेऊन इथून गेला. १८२८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल आणि मर्चिसन दांपत्य आलं. त्यांचा एक यजमान होता काउंट माँलोझिए. त्याने १७८८ मध्येच या डोंगरांवर पुस्तक लिहिलं होतं, आणि राज्यक्रांतीची धामधूम आटोपल्यावर तो याच ज्वालामुखींच्या मधोमध शेती करत राहिला होता.

उत्तर-दक्षिण रांगेत इथे सुमारे ८० ज्वालामुखी आहेत. एकेक टेकडी वेगळी आणि बऱ्याच टेकड्यांच्या माथ्यावर खळगा. सह्याद्री पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना हे चमत्कारिक वाटतं. आपल्याकडचा लाव्हा लांबच लांब भेगांतून आला, थरावर थर पसरला. डोंगर घडले ते नंतरच्या झिजेतून. शिवाय आपला दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, तर प्वी द दोम जेमतेम ११ हजार वर्षांचा.

तरी दोन्हीकडच्या काळ्या कातळांत एक खरा दुवा आहे. १८७६ मध्ये प्वी द दोमच्या माथ्यावर हवामान वेधशाळा सुरू झाली. (तिचं बांधकाम चालू असताना रोमनांच्या मर्क्युरी देवाचं मोठं मंदिर उकरून निघालं, ते वेगळंच.) या वेधशाळेचा संचालक बेर्नार ब्र्युन याला १९०५-०६ च्या सुमारास काँताल भागातल्या पाँफारँ इथे लाव्हाखाली भाजून निघालेली माती सापडली. तिच्यातलं चुंबकत्व आजच्या बरोबर उलट दिशेचं होतं. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव कधीकाळी उलटे होते, हा त्याचा निष्कर्ष कित्येक वर्षं पोरका राहिला. सह्याद्रीतल्या लाव्हाचे बरेचसे थर असेच उलट दिशेचे आहेत. १९५० च्या दशकात दख्खनच्या कातळातलं चुंबकत्व मोजलं गेलं, तेव्हा हा लाव्हा वाहत होता त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे दिसून आलं.

हौशी पाहुण्यांची रीघ विसाव्या शतकातली. १९०७ मध्ये प्वी द दोमच्या माथ्यापर्यंत वाफेची छोटी रेल्वे गेली. ७ मार्च १९११ रोजी यूजीन रनोने पॅरिसहून एका सहप्रवाशासह सव्वापाच तासांच्या आत येऊन विमान थेट माथ्यावर उतरवलं आणि मिशलँ बंधूंचं एक लाख फ्रँकचं बक्षीस खिशात घातलं. मग रेल्वे गेली, मोटाररस्ता आला. १९६४ मध्ये त्याच रस्त्यावर आंकतील आणि पूलिदोर हे सायकलपटू खांद्याला खांदा घासत चढले. २०१२ पासून पुन्हा रेल्वे आहे, दातेरी रुळाची. फ्रान्समधल्या पर्यटनस्थळांवर कुठला डोंगर कुठे ते दाखवणारे रंगीत फलक असतात, त्यांतले बरेच व्होल्व्हिकच्याच दगडावर मुलामा भाजून बनवलेले.

२०१८ मध्ये युनेस्कोने ही डोंगररांग जागतिक वारशात घेतली. गर्दीने पायवाटा झिजतात, म्हणून रांगेतल्या पारिऊ ज्वालामुखीच्या उतारावर लाकडी पायऱ्या बसवाव्या लागल्या. उतारांचा बराचसा भाग गावांच्या सामाईक मालकीचा. पूर्वी तिथे मेंढ्या चरत, त्यामुळे टेकड्या बोडक्या राहत आणि त्यांचे आकार लांबून ओळखू येत. चराई घटली तशी झाडी माजली आणि देमारेने पाहिलेले ओघळ झाकले गेले. आता काही उतारांवर मुद्दाम कळप सोडले जातात. पाहुण्याला ज्वालामुखी दिसावा, ही जबाबदारी सध्या मेंढपाळांकडे आहे.