बाबा पदमनजी : पाळकपण सोडल्यानंतरचीं वर्षें

अमरावतीस १९०४ सालीं जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे यांनीं मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतिहास लिहिला, तेव्हां त्या शतकाच्या उंबरठ्यावरच त्यांना एक ख्रिस्ती ग्रंथकार भेटला. त्याचें नांव बाबा पदमनजी व त्याचें पुस्तक 'यमुनापर्यटन', साल १८५७. श्रोतेहो, या नांवाशीं आपली बहुतेकांची ओळख परीक्षेंतल्या एका प्रश्नापुरतीच असते. मराठींतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी कोणती, या प्रश्नाचें उत्तर पाठ असतें. पुस्तक मात्र वाचलेलें नसतें. तें लिहिणारा गृहस्थ पुढें धर्मोपदेशक झाला, थोडक्याच वर्षांत त्या पदावरून निवृत्त झाला आणि उरलेलें दीर्घ आयुष्य लेखणीवर जगला, हें तर फारच थोड्यांस ठाऊक असतें.

बाबांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवीं त्वष्टा कासार ज्ञातींत झाला. घर सुखवस्तु व आचारनिष्ठ. शिक्षण मिशनच्या शाळेंत झालें आणि पुढें ते मुंबईस आले. तेथें जातिभेद मोडूं पाहणारी परमहंस मंडळी गुप्तपणें भरत असे. तिच्यांत बाबांचा प्रवेश झाला. एकत्र बसून परजातीच्या हातचें खावयाचें, परंतु बाहेर त्याची वाच्यता करावयाची नाहीं, ही त्या मंडळीची रीत होती. बाबांना ही चोरटी सुधारणा फार दिवस मानवली नाहीं. जें मनास पटलें तें जगासमक्ष करावें, या निश्चयानें त्यांनीं ३ सप्टेंबर १८५४ रोजीं बेळगांवींच, म्हणजे आप्तेष्टांच्या डोळ्यांदेखत, बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराविषयीं कोणाचें मत कांहींही असो, गांव सोडून दूर कोठें तरी हा विधि उरकण्याची सोय त्यांनीं पाहिली नाहीं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

तीन वर्षांनीं 'यमुनापर्यटन' बाहेर पडलें. विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ सालीं झाला होता, पण कायदा कागदावर व विधवा माजघरांत, अशी स्थिति होती. बाबांची यमुना पतीबरोबर प्रवासास निघते आणि ठिकठिकाणीं तिला विधवा भेटतात. कोणाचें केशवपन झालेलें, कोणी सासरच्या छळानें गांजलेली, कोणी फसविली गेलेली. वाटेंत यमुनेचा पति निवर्ततो आणि जें ती आजवर पाहात आली तेंच तिच्या वांट्यास येतें. ही योजना साधी आहे, तशीच जबरदस्तही आहे. शेवटीं यमुना ख्रिस्ती होते व पुन्हां विवाह करते.

येथेंच पुस्तकाचें बळ आणि त्याचें वैगुण्य दोन्ही दिसतात. पात्रें उपदेश करूं लागलीं कीं तीं माणसें राहात नाहींत, पत्रकें होतात. उलट विधवा आपापलें दुःख सांगूं लागल्या कीं ग्रंथकार बाजूला सरतो आणि त्या काळच्या घराघरांतली बोली कानीं पडते. सुधारणेच्या बाजूच्या हिंदु वाचकाला बाबांचें रोगनिदान मान्य होण्यासारखें होतें, परंतु औषध घेणें त्याला शक्य नव्हतें. त्यामुळें पुस्तक मिशनच्या वर्तुळांत राहिलें आणि मराठी कादंबरी १८६१ च्या 'मुक्तामाले'च्या मागून अद्भुताच्या वाटेनें गेली. हरिभाऊ आपट्यांनीं तिला घरांत परत आणली, त्यास तीस वर्षें लागावीं, हें आपल्या वाङ्मयाचें नुकसान होय.

बाबांचें पाळकपण थोडक्यांत सांगतां येतें. पुण्यास फ्री चर्चच्या शाळेंत अध्यापन, १८६७ सालीं तेथील मंडळीच्या पाळकपदाची दीक्षा, आणि १८७३ सालीं प्रकृतीच्या कारणानें निवृत्ति. त्या वेळीं त्यांचें वय बेचाळीस होतें. या वयांत निवृत्त झालेल्या उपदेशकाची मंडळी त्याला लवकरच विसरते.

ते मुंबईस परतले व ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीचें संपादनकार्य करूं लागले. कोशाचा व शब्दसंग्रहाचा हात त्यांनीं पूर्वींच बसविलेला होता. मोल्स्वर्थच्या विशाल कोशाचा त्यांनीं केलेला संक्षेप १८६३ सालीं निघाला होता. आतां निबंध, संवाद, शुभवर्तमानावरील टीका, मुलांचीं पुस्तकें यांची रांगच लागली. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभरांवर जाते. त्यांतील पुष्कळशीं वादाचीं आहेत आणि वाद संपल्यावर तीं कोणी उघडलीं नाहींत, हेंही खरें. परंतु पारिभाषिक, विद्वज्जड व परदेशी वळणाच्या मिशनरी मराठीला घरगुती वळण लावण्याचें काम या निवृत्त माणसानें टेबलाशीं बसून केलें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडांत अकोला, अमरावती, खामगांव येथें अमेरिकन अलायन्स मिशनचें काम वाढलें, तेव्हां तेथील उपदेशकांना धर्माची मराठी नव्यानें घडवावी लागली नाहीं. मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून ती तयार होऊन आलेली होती. याच वऱ्हाडांत काम केलेल्या मिसेस फुलर यांनीं १९०० सालीं हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला व त्यास पंडिता रमाबाईंनीं प्रस्तावना जोडली. त्यांत बालविधवेचें प्रकरण आहेच. यमुनेला त्रेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं, तरी तो विषय शिळा झालेला नव्हता.

निवृत्तीच्या काळांतलें बाबांचें उत्तम पुस्तक म्हणजे १८८४ चें 'अरुणोदय' हें आत्मचरित्र. मरे मिचेल यांनीं १८९० सालीं तें इंग्रजींत आणलें. परमहंस मंडळीविषयीं लिहिणाऱ्या इतिहासकारास आजही या पुस्तकाकडे वळावें लागतें, कारण गुप्त मंडळीच्या आंतल्या माणसांनीं लिहून ठेवलेलें फार थोडें. बेळगांवचें घर, देवपूजा, उपासतापास यांचीं वर्णनें तर त्यांनीं इतक्या मायेनें केलीं आहेत कीं, सोडलेल्या घराविषयीं लिहितांना लेखकाचा हात जड झाला असावा, असें वाचणाऱ्यास वाटतें. टीका करावयाची ती ते करतातच. पण आईबापांवर त्यांनीं राग धरलेला नाहीं.

हें चरित्र १८५४ च्या बाप्तिस्म्यापाशीं थांबतें. पुण्याचें पाळकपण, तें सोडतांनाचें मन, मुंबईंतलीं संपादनाचीं वर्षें यांचें सलग चरित्र बाबांनीं त्यांत दिलें नाहीं. २९ ऑगस्ट १९०६ रोजीं ते वारले. त्या बावन्न वर्षांचा माग काढावयाचा तर त्यांच्या पुस्तकांचीं मुखपृष्ठें एकापुढें एक मांडून, त्यांवरचीं सालें वाचीत जावें लागतें.