पंधरा मिनिटं, आणि सुई टोचायची कुणी?

हा दिवस कुणा एका माणसाचा नाही. माणूस आणि त्याचं गाव मी जुळवलं आहे. शरीरात जे घडतं ते मात्र वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे, आणि कायदा आज आहे तोच आहे. जिल्हा गोंदिया, तालुका अर्जुनी-मोरगाव, मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम.

पहाटे ४:४५

उन्हं चढायच्या आत पानं तोडायची म्हणून घरातली तिघं जंगलात निघतात: तो, बायको आणि थोरली मुलगी. ७० पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. गेल्या हंगामात त्याला दोन मधमाश्या चावल्या होत्या. हात कोपरापर्यंत सुजला, तीन दिवसांत उतरला. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपते. याच्या रक्तात मात्र त्या विषाविरुद्धची आयजीई प्रथिनं तयार होऊन बसली होती. घरात कुणाला याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

सकाळी ७:४२

झाडावर आग्या मोहोळ आहे. खाली कुणी पालापाचोळा पेटवलेला, धूर वर जातो आणि माश्या उठतात. सगळे पळतात. याच्या मानेवर, कानामागे, पाठीवर आठ-दहा काटे रुततात. धडधाकट माणूस एवढ्यानं मरत नाही. ज्याला ॲलर्जी आहे त्याला एकही पुरतो.

ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. श्वास किंवा हृदय बंद पडायला किती वेळ लागला, याचा मध्य त्यांनी काढला. अन्नामुळे ३० मिनिटं, माशीच्या दंशामुळे १५, टोचलेल्या औषधामुळे ५. मध्य म्हणजे निम्म्यांना त्याहूनही कमी वेळ मिळाला.

७:४५

तळहात खाजतात, मग काखा, मग डोकं. अंगभर गांधी उठतात. मुलगी म्हणते, "बाबा, तुमचे ओठ किती सुजले!" शेजारच्या बाया चुना लावतात, कुणी कांदा चोळतं. माया आहे, धावपळ आहे, पण यातलं काहीच रक्तदाब धरून ठेवू शकत नाही.

७:४८

आवाज घोगरा होतो, पोटात कळ येते, उलटी होते. शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैलावल्या आहेत, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतंय आणि घशाला आतून सूज चढतेय. हे सगळं एकाच वेळी उलटवणारं औषध एकच, ॲड्रेनालिन. कुणाच्या तरी खिशात सिट्रिझिनची गोळी निघते, ती त्याला दिली जाते. सिट्रिझिन, एविल, डेक्सा ही औषधं खाज आणि गांधी कमी करतील. बंद होत चाललेला घसा मिनिटांत उघडणं त्यांच्या हातात नाही. ही गल्लत शहरातही होते, आणि ती जीव घेते.

७:५०

टेकडीवर चढल्यावर रेंज येते. १०८ ला फोन लागतो. २०१४ पासून महाराष्ट्रात या गाड्या धावतायत आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण गाडी तालुक्याच्या गावी उभी आहे आणि मधे जंगलाचा रस्ता.

७:५२

वाट पाहणं नको म्हणून त्याला मोटरसायकलवर बसवतात. पुढे एक, मागे एक, मधे हा ताठ. वाचवायला निघालेली ही पोरं नकळत सगळ्यात धोक्याची गोष्ट करतायत. अशा वेळी रुग्णाला आडवं करून पाय उंच करायचे असतात. अचानक बसतं किंवा उभं केलं तर उरलंसुरलं रक्त पायांकडे उतरतं, हृदयाकडे परत काही येतच नाही.

७:५५

गावातलं मेडिकल. दुकानदाराकडे ॲड्रेनालिनच्या दोन कुप्या आहेत, एका डॉक्टरांसाठी मागवलेल्या. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, आत १ मिलिलिटर, त्यात १ मिलिग्रॅम औषध. मान मोडायची, सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध स्नायूत टोचायचं. कापडावरून टोचलं तरी चालतं. मोठ्या माणसाचा डोस एवढाच.

"चिठ्ठी आहे का?" तो विचारतो. मग आपणच म्हणतो, "माझ्या हातून टोचलं आन् तो गेला, तं माझ्यावरच येईल ना जी."

या दुकानदाराला मी दोष देणार नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जीव वाचवायला एकदाच टोचलेली सुई म्हणजे वैद्यकी नव्हे, हे तुम्ही-आम्ही म्हणू. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे, जुन्या दंडसंहितेतलं ९२. संमती द्यायच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेलं कृत्य ते गुन्हा मानत नाही. पण हा बचाव आहे, आणि बचाव मांडायची वेळ येते ती गुन्हा दाखल झाल्यावर. तारखा, वकील, बंद दुकान हे सगळं त्याआधीच भोगून झालेलं असतं.

रस्त्यावर मात्र चित्र वेगळं आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ रोजी मदतनिसांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं. अपघातग्रस्ताला सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी नाही. २९ नोव्हेंबर २०२४ ला याच जिल्ह्यात सडक-अर्जुनी तालुक्यात शिवशाही बस उलटली, ११ माणसं गेली. तिथे जखमींना बाहेर काढणाऱ्या प्रत्येक हाताला हे कलम लागू होतं. त्याच रस्त्याच्या कडेला माशी चावून कोसळलेल्याला हात लावणाऱ्यासाठी ते नाही, कारण या घटनेत मोटार नाही. जीव तोच, मदत तीच, आणि संरक्षण वाहनावर अवलंबून! हे मला कुठल्याही न्यायात बसताना दिसत नाही.

चिठ्ठीचा अडसर इतरत्रही होता. डिसेंबर २०१३ मध्ये डब्लिनच्या ओकॉनेल स्ट्रीटवर १४ वर्षांच्या एका मुलीनं चुकून शेंगदाण्याचा सॉस खाल्ला. आई औषधाच्या दुकानात धावली. चिठ्ठी नव्हती, सुई मिळाली नाही, आणि मुलगी काही पावलांवर रस्त्यातच गेली. आयर्लंडनं २०१५ मध्ये नियम बदलले. आता तिथे दुकानातला फार्मासिस्ट आणि प्रशिक्षण घेतलेला सामान्य माणूसही अशा वेळी चिठ्ठीशिवाय ॲड्रेनालिन देऊ शकतो.

अडाणी हातात सुई द्यायची का, असं विचारणाऱ्यांनी शेजारच्या गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या, जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना इंजेक्शन द्यायला शिकल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं तो अभ्यास छापला: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला. काही दिवसांच्या बाळाला सुई देणं जमतं, तर मोठ्या माणसाच्या मांडीत देणं नक्की जमेल.

७:५८

दुकानासमोरच्या बाकावर बसवलेला तो मजूर जागीच कलंडतो. बायको त्याला उठवून पाणी पाजू पाहते. नाडी हाताला लागत नाही. दंशाला १६ मिनिटं झाली आहेत. कुप्या आठ फुटांवर आहेत.

८:३६

गाडी येते. डॉक्टर उतरल्या उतरल्या ॲड्रेनालिन देतात, छाती दाबतात. औषध तेच, ४० मिनिटांनी उशिरा.

दुपारी १२:१०

पोलिसांत मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल होतो; ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन होतं. बाहेर झाडाखाली फळीवरची माणसं बसून आहेत.

इथे थांबवता येण्यासारखं बरंच होतं. लसीकरणाच्या वेळी बाळाला रिॲक्शन आली, तर उपकेंद्रातल्या सिस्टरला ॲड्रेनालिनचा एक डोस देण्याची मुभा आजही आहे, तसा संचही तिच्याजवळ असतो. हीच मुभा दंशाला आणि अन्नाच्या ॲलर्जीलाही लागू करावी, आशाताईंना शिकवावं. मे महिन्यात इथे पारा ४५ वर जातो आणि हे औषध २५ अंशांखाली ठेवावं लागतं. म्हणून कुपी फळीच्या तंबूत नको, गावातल्या थंड, अंधाऱ्या जागी हवी, आणि ती कुठे आहे हे प्रत्येक मजुराला ठाऊक हवं. एवढ्यासाठी नवा कायदा लागू नये, शासन निर्णय पुरावा.

कायदा हवा तो दुकानदारासाठी आणि मोटरसायकलवरच्या पोरांसाठी. कर्नाटकानं २०१६ मध्ये मदतनिसांच्या संरक्षणाचं स्वतंत्र विधेयक मंजूर केलं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१८ उजाडलं. महाराष्ट्रानंही तसा कायदा करावा, आणि त्यात ॲलर्जीच्या आणीबाणीत सद्हेतूनं ॲड्रेनालिन देणाऱ्याचा नाव घेऊन उल्लेख असावा. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, गोंदियाच्या उंबऱ्याशी. जिल्ह्यातल्या चारही आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून हे विधेयक येत्या डिसेंबरातच मांडावं. संमतीला दोन वर्षं लागणार असतील, तर त्या दोन वर्षांत तेंदूपत्त्याचे दोन हंगाम येतात.